दत्तक नावांच्या मुलखात

शिकागोहून डेट्रॉईटकडे जाणारी आगगाडी मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, इंडियानातील पोलादाचे कारखाने आणि वाळूच्या टेकड्या मागे टाकून, मिशिगन राज्याच्या सपाट व सुपीक मुलखात शिरते, तेव्हा प्रवाशाला उगीचच असे वाटते की आता पुढे पाहण्याजोगे काही उरलेले नाही. ऑक्टोबर लागला होता. मेपलची पाने तांबडी होऊ लागली होती. आणि डब्यातील बहुतेक मंडळी निद्रेच्या स्वाधीन झाली होती. ट्रॉय या डेट्रॉईटच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याने, "मामा, मध्ये कुठे उतरू नका, सरळ इकडे या, मी न्यायला येतो," असे फोनवर बजावले होते. परंतु ज्या एका गोष्टीचा छडा लावावा म्हणून मी हा प्रवास योजला होता तिचे एक टोक डेट्रॉईटला असले तरी दुसरे वाटेतल्या कलमझू या गावी होते, आणि म्हणून भाच्याची आज्ञा मोडून मी तेथे उतरलो.

ती गोष्ट म्हणजे जुन्या मार्क्यांविषयी अमेरिकन माणसाला वाटणारी हळहळ. ज्या राष्ट्राने जुने टाकून नवे घेण्याला जवळजवळ धर्माचरणाची प्रतिष्ठा दिली, त्याच राष्ट्राच्या बाजारपेठेत आता आजोबांच्या काळचे साबण, पणजोबांच्या काळचे बूट आणि केव्हाच बंद पडलेल्या पॅन अ‍ॅम विमान कंपनीच्या खांद्यावरच्या पिशव्या मानाच्या फळीवर मांडलेल्या दिसतात. २०१२ च्या नोव्हेंबरात होस्टेस कंपनी बुडाली, तेव्हा तिचे ‘ट्विंकी’ नावाचे क्रीम भरलेले पिवळे केक लोकांनी दुकानेच्या दुकाने रिकामी करून घरी साठविले, आणि पुढल्या जुलैत नव्या मालकांनी ते पुन्हा बाजारात आणले तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली. बॉस्टनजवळचा नेको वड्यांचा कारखाना २०१८ साली बंद झाला, त्या वड्या २०२० साली ओहायोतील एका मिठाईवाल्याने पुन्हा काढल्या. आणि त्या वड्या फारशा चवदार नाहीत, हे अमेरिकन लोक स्वतःच हसत हसत सांगतात. ज्या वस्तूची चव आवडत नाही ती परत आल्याचा आनंद माणसाला का व्हावा, हे कोडे मला शिकागोत पडले आणि ते घेऊनच मी गाडीत बसलो.

कलमझूच्या उत्तर भागात पार्सन्स स्ट्रीट नावाचा एक साधासुधा रस्ता आहे, आणि त्यावर १९१७ साली बांधलेला विटांचा तो कारखाना आहे, ज्यातून निघालेल्या गिटारींचा स्वर, कारखान्याचे नावही न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांच्या कानांवरून गेलेला आहे. हा गिब्सन कंपनीचा मूळ कारखाना. ऑर्व्हिल गिब्सन हा हौशी आणि काहीसा विक्षिप्त कारागीर व्हायोलिनप्रमाणे कोरीव पोटाची मँडोलिने करी. १९०२ साली काही स्थानिक गृहस्थांनी भांडवल घालून त्याच्या नावाने कंपनी काढली, आणि तेव्हापासूनच नाव त्याचे आणि मालकी दुसऱ्यांची अशी व्यवस्था झाली. पुढे १९२२ च्या सुमारास लॉईड लोअर या तंत्रज्ञाने येथे जी एल-५ गिटार आणि एफ-५ मँडोलिन सिद्ध केली ती आजही जाणकार प्रमाण मानतात. महायुद्धाच्या काळात पुरुष सैन्यात गेले तेव्हा गावातल्या बायकांनी येथे बसून वाद्ये घडविली. आणि १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाची विजेवर वाजणारी गिटार येथूनच बाहेर पडली. नंतर मालक बदलले, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे दुसरा कारखाना निघाला, आणि १९८४ साली कलमझूच्या या मूळ पुरुषाला कुलूप लागले. नाव नॅशव्हिलला गेले, यंत्रांपैकी बरीचशी गेली, आणि ज्यांनी नॅशव्हिलला जाण्याचे नाकारले ते कारागीर मागे उरले.

या मागे उरलेल्यांपैकी जिम डुर्लू, मार्व्ह लँब, जे. पी. मोट्स इत्यादी मंडळींनी पुढल्याच वर्षी, म्हणजे १९८५ साली, त्याच इमारतीत, कंपनीने टाकून दिलेली काही यंत्रे पदरात पाडून घेऊन, ‘हेरिटेज’ या नावाने गिटारी करण्यास आरंभ केला. जुने नाव घेण्याचा त्यांना अधिकार नव्हता. वाद्याच्या आकारावरूनसुद्धा दोन्ही कंपन्यांत पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. मला जे पाहावयाचे होते ते येथे होते, आणि ते मला फार वेळ पाहता आले नाही तरी पुरेसे पाहता आले. एक प्रौढ कारागीर मेपलच्या लाकडातून कोरलेली गिटारीची पाठ हातात घेऊन खिडकीशी उभा होता. त्याने ती उजेडाकडे तिरपी धरली. लांब पायांचा कॅलिपर आतून-बाहेरून लावून जाडी पाहिली. एका जागी पेन्सिलीने अंड्याएवढे वर्तुळ काढले. बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टिचकी मारून कान लावला. आणि अंगठ्याएवढा पितळी रंधा घेऊन त्या वर्तुळापुरतेच लाकूड सोलू लागला. जो कीस खाली पडला त्यातून जमीन दिसत होती. पुन्हा टिचकी, पुन्हा कान, पुन्हा रंधा. त्याच्या मागे भिंतीशी उभे असलेले दणकट बिडाचे यंत्र कोणत्या काळचे, असे मी विचारले, तेव्हा त्याने सांगितले की ते त्याच्या आधीपासून येथे आहे, आणि याच दालनात त्याचे वडीलही काम करीत असत; दारावरची पाटी तेवढी तेव्हा निराळी होती.

त्या पाटीचे मोल काय, हे कोणत्याही वाद्यांच्या दुकानात कळते. गिब्सन हे नाव जगातील प्रत्येक गिटारवाल्या पोराला पाठ असते. हेरिटेज हे नाव त्यातल्या दर्दी माणसाला ठाऊक असते, आणि तोही ते सांगताना, ‘जुन्या गिब्सनच्या जागी करतात त्या’ असे शेपूट जोडतो. जागा तीच, कौशल्य पितापुत्रपरंपरेने तेच, आणि ओळख मात्र निघून गेलेल्याच्या नावाने! मला हा अन्याय वाटला. त्या कारागिराला तो तसा वाटत असल्याचे त्याच्या चेहऱ्यावरून तरी दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसलो. वाटेत बॅटल क्रीक लागले. हे गाव केलॉग बंधूंचे. थोरले डॉक्टर जॉन हार्वी यांच्या आरोग्यधामातील पथ्याच्या अन्नातून धाकट्या विल कीथ यांनी १९०६ साली मक्याच्या पोह्यांचा कारखाना काढला, आणि केलॉग हे आडनाव मालावर छापण्याचा हक्क कोणाचा यावरून दोघे सख्खे भाऊ अनेक वर्षे न्यायालयात भांडत राहिले. भाऊबंदकी आपल्याकडे जमिनीवरून होते, तेथे आडनावावरून झाली, एवढाच फरक.

डेट्रॉईटचे स्टेशन पाहून मी चकित झालो, ते त्याच्या लहान आकाराने. ज्या शहरात १९५० साली साडेअठरा लाख लोक राहत, त्याचे रेल्वे स्टेशन आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावी शोभावे असे आहे. भाचा मोटार घेऊन उभा होताच. "मामा, खरे स्टेशन ते नव्हे, ते उद्या दाखवतो," असे तो म्हणाला, आणि आम्ही उत्तरेकडे निघालो. डेट्रॉईटच्या अवनतीची कथा जगजाहीर आहे: २०१० च्या खानेसुमारीत वस्ती सव्वासात लाखांच्याही खाली गेली होती, आणि २०१३ च्या जुलैत सुमारे अठराशे कोटी डॉलरांचे देणे डोक्यावर घेऊन शहराने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. अल्बर्ट कान या वास्तुशिल्पकाराने १९०३ पासून उभारलेला पॅकार्ड मोटारींचा प्रचंड कारखाना, ज्याच्या मोटारी आपल्याकडील संस्थानिकांच्या वाड्यांपुढेही झुलत असत, त्यातील मोटारींचे काम १९५६ च्या सुमारास थांबल्यावर तो हळूहळू ओस पडला आणि वर्षानुवर्षे उघडावाघडा उभा राहिला, आणि जगभरचे छायाचित्रकार त्याच्या पडझडीची चित्रे काढण्यासाठी येथे येत राहिले. आता तो बव्हंशी पाडून टाकला आहे. त्या जागेवरून जाताना भाच्याने गाडी हळू केली, पण दाखविण्यासारखे त्याला काही सापडेना.

अमेरिकन नावाची ओढ आम्हा मुंबईकरांना अपरिचित नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने, नुसती जोडणी नको, भागही येथेच बनवा, असा आग्रह धरल्यावर १९५४ साली तो बंद केला. त्या कारखान्यात फिटर असलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या लहानपणी शेजारी राहत. नंतर त्यांनी गिरणीत आणि गोदीत मिळून कितीतरी अधिक वर्षे चाकरी केली. पण गोष्ट निघाली की, "आमच्या जनरल मोटर्समध्ये" अशीच सुरुवात होई, आणि त्या वेळी त्यांची पाठ किंचित ताठ होई. त्यांना शेव्हरलेट गाडीची आठवण येत असे, असे मला वाटत नाही. तसली गाडी त्यांनी स्वतःसाठी कधी चालविलीही नव्हती. ठरलेल्या तारखेला मिळणारा पगार, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा, आणि ‘हा माणूस कारखान्यात आहे’ असे म्हणून सोयरीक जुळविण्यास येणारे लोक, यांची ती आठवण होती, आणि तिला बांधून ठेवण्यासाठी एक नाव पुरत होते.

डेट्रॉईटमध्ये मी पाहावयास गेलो ते ‘शिनोला’. हे नाव मुळात बुटांच्या पॉलिशचे, आणि मुळात डेट्रॉईटचेही नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या गावी १८७७ साली स्थापन झालेल्या एका रासायनिक कंपनीचा तो माल. पहिल्या महायुद्धातील शिपायांनी त्याने आपले बूट चमकविले, दुसऱ्या महायुद्धातील शिपायांनी त्याच्या नावावर एक ग्राम्य म्हण रचली, जीत शिनोला आणि दुसरा एक पदार्थ यांतील भेद न कळणाऱ्या मूर्खाचा उल्लेख येतो. तो दुसरा पदार्थ कोणता, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नको. १९६० साली पॉलिश बंद झाले. म्हण मात्र चालू राहिली, आणि पॉलिशची डबी जन्मात न पाहिलेल्या माणसांच्याही तोंडी ते नाव जिवंत राहिले. पन्नास वर्षांनी, २०११ साली, फॉसिल घड्याळांचा संस्थापक टॉम कार्टसोटिस या टेक्सासच्या धनिकाने ते नाव घेतले आणि घड्याळे, सायकली व चामड्याच्या वस्तू यांवर छापण्याचे ठरविले.

त्यासाठी डेट्रॉईटच का, याचे उत्तर एका प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग मला या साऱ्या प्रकरणाची गुरुकिल्ली वाटतो. या मंडळींनी गिऱ्हाइकांपुढे तीन लेखण्या ठेवल्या: चीनमध्ये केलेली पाच डॉलरांची, अमेरिकेत केलेली दहाची, आणि डेट्रॉईटमध्ये केलेली पंधराची, आणि गिऱ्हाइकांनी डेट्रॉईटची पसंत केली. ज्या शहराच्या नावाने दहा डॉलर अधिक मिळतात त्या शहरात दुकान न थाटेल तो व्यापारी कसला? अल्बर्ट कान याच्याच अर्गोनॉट इमारतीत, जेथे एके काळी जनरल मोटर्सची संशोधनशाळा होती, तेथे घड्याळांची शाळा सुरू झाली. रोंडा या स्विस कंपनीने स्थानिक माणसांना शिकविले. आणि ज्यांनी पूर्वी मोटारींच्या कारखान्यांत काम केले होते, किंवा पहारेकरी म्हणून दिवस काढले होते, अशी माणसे पांढरे अंगरखे घालून चिमट्याने काटे बसवू लागली. ‘रनवेल’ हे त्यांचे पहिले घड्याळ २०१३ साली साडेपाचशे डॉलरांस निघाले, आणि पहिली अडीच हजार नगांची आवृत्ती थोड्याच दिवसांत संपून गेली. तीन वर्षांनी फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने जाब विचारला की, घड्याळाचे अंतरंग स्वित्झर्लंडचे असता ते डेट्रॉईटमध्ये घडले असे सरसकट म्हणता येते काय? तेव्हा कंपनीने तशा अर्थाचे आपले ब्रीदवाक्य मागे घेतले आणि स्विस व परदेशी भाग वापरून जोडलेले, अशी कबुली मालावर छापण्यास सुरुवात केली.

वेस्ट कॅनफिल्ड स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानात मी गेलो, तेव्हा विक्रीला असलेल्या तरुणीने मी न मागताच एक घड्याळ माझ्या तळहातावर ठेवले. वजनदार होते. पांढऱ्या तबकडीवर काळे, रेल्वेच्या घड्याळासारखे स्वच्छ आकडे. बारा वाजण्याच्या खाली नाव, आणि त्या नावाच्या खाली बारीक अक्षरांत डेट्रॉईट. पाठीवर धातूची लहानशी पाटी स्क्रूंनी बसवलेली, तिच्यावर अनुक्रमांक कोरलेला. कातडी पट्ट्याला वास इतका चांगला होता की तो नाकाशी नेण्याचा मोह मला आवरला नाही. पट्ट्याचे टाके मी मोजण्याइतक्या जवळून पाहिले आणि त्यात एकही वाकडा नव्हता. ज्याने कोणी हे बसविले त्याचे हात शिकलेले होते, आणि त्याला पगार मिळत होता. नाव उसने आहे म्हणून तो पगार खोटा ठरत नाही. माझ्या मनातील उपहास येथे थोडा ओसरला. किंमत पाहून मी घड्याळ परत केले, हे सांगावयास नकोच.

त्याच दुपारी भाच्याने मला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात नेले, आणि तेथे, गंजलेल्या परवाना-पट्ट्या आणि कोका-कोलाच्या थाळ्या यांच्या ढिगात, मूळ शिनोलाची गोल पत्र्याची डबी मला सापडली. झाकणाचा रंग कडेने उडालेला, आत तळाला पॉलिश वाळून भेगाळलेले, आणि वासाचा केवळ भास. जो माल लोक बुटांना फासून रोज वापरून टाकीत त्याचा हा शेष, आणि त्याच्या नावाचे घड्याळ साडेपाचशे डॉलरांना! दोहोंमध्ये सात अक्षरी इंग्रजी नावाखेरीज कोणताही संबंध नाही. ना माणसांचा, ना गावाचा, ना धंद्याचा.

मग असे नाव उचलता कसे येते? अमेरिकेच्या कायद्यात मार्क्याचा हक्क वहिवाटीवर उभा आहे. नाव चालविले तर तुमचे. सलग तीन वर्षे चालविले नाही तर ते सोडून दिले असे सकृद्दर्शनी धरले जाते, आणि मग बेवारस नावावर दुसऱ्याला दावा सांगता येतो. शिकागोतील रिव्हर वेस्ट ब्रँड्स या पेढीने तर अशी विस्मृतीत पडलेली नावे, ब्रिम कॉफीसारखी, हुडकून पुन्हा चालविणे हाच उद्योग केला. आणि २०१० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात मेलेल्या नावांचा चक्क लिलाव झाला, ज्यात कोलियर्स मासिकापासून मायस्टर ब्राऊ बिअरपर्यंत अनेक नावे बोलीवर चढली. ही सगळी हकीकत वाचताना मला आपल्याकडील दत्तकाच्या कज्ज्यांची आठवण झाली. आपल्याकडे घराण्याचे नाव चालावे म्हणून घराणे मुलगा दत्तक घेते. येथे मुलगाच उठतो आणि नामशेष झालेले घराणे दत्तक घेतो, त्याचे पूर्वज आपले पूर्वज म्हणून भिंतीवर टांगतो, आणि दत्तकपत्रावर सही करावयास त्या घराण्यातले कोणी हयात नसते. १८४८ साली साताऱ्याचे दत्तकविधान नामंजूर करून राज्य खालसा करणाऱ्या डलहौसीला ही युक्ती सुचली असती, तर त्याला फौजेची धमकी तरी द्यावी लागली नसती. पण दत्तक नेहमीच वाईट निघतो असे नाही, हेही आपल्या इतिहासातूनच ठाऊक आहे. बडोद्याचे सयाजीराव दत्तकच होते.

संध्याकाळी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून जाताना याच कंपनीचे नाव धारण करणारे, २०१९ साली उघडलेले हॉटेल दिसले. ते दोन जुन्या इमारतींत आहे: एक १९१५ सालची, रेल नावाच्या लोखंडी सामानाच्या दुकानाची, आणि शेजारची चक्क सिंगर शिवणयंत्रांची. आपल्याकडे ज्या नावाच्या यंत्रावर आयांनी आणि आज्यांनी परकर-पोलकी शिवली, त्या नावाच्या भिंतींत आता श्रीमंत प्रवासी रात्र काढतात. आम्ही तेथे व्हर्नर्स हे डेट्रॉईटचे आल्याचे पेय घेतले. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या पेयाचा झणका पहिल्याच घोटात नाकात चढतो, आणि मला जोराची शिंक आली. भाच्याने सांगितले की, पोट बिघडले की येथल्या आया मुलांना हेच पाजतात. मात्र तेही आता एका मोठ्या पेयकंपनीच्या मालकीचे आहे.

‘खरे स्टेशन’ त्याने दुसऱ्या दिवशी दाखविले, आणि ते पाहिल्यावर कालच्या स्टेशनाबद्दलचा माझा विस्मय शरमेत बदलला, अमेरिकेच्या वतीने. मिशिगन सेंट्रल हे १९१३ साली उघडलेले स्थानक न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलच्याच वास्तुशिल्पकारांनी उभारलेले. १९८८ च्या जानेवारीत शेवटची गाडी गेली, आणि मग तीस वर्षे चोरांनी तांबे, संगमरवर आणि हाताला लागेल ते नेले. २०१८ साली फोर्ड कंपनीने ते विकत घेतले आणि २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा लोकांना खुले केले. प्रतीक्षागृहाच्या कमानींवर गुआस्ताविनो पद्धतीच्या २९,००० फरशा आहेत, आणि त्या मी मान मोडेपर्यंत पाहिल्या. खरेदीची बातमी पसरल्यावर, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी येथले जुने घड्याळ लांबविणाऱ्या अनामिक चोराला उपरती झाली, आणि त्याने फोन करून, ते अमुक एका जळक्या इमारतीच्या भिंतीशी ठेवले आहे, तेवढे घेऊन जा, असा निरोप दिला. घड्याळ खरोखर तेथे घोंगड्यांत गुंडाळलेले सापडले. डेट्रॉईटमध्ये ऐकलेल्या साऱ्या पुनरुज्जीवनकथांत मला ही एक निर्भेळ वाटली, कारण तीत कोणी काही विकत नव्हते. इमारतीत कचेऱ्या आहेत, दुकाने आहेत, तरुण उद्योजकांची गजबज आहे. गाडी मात्र अजून येत नाही. स्टेशन उजळले आणि प्रवासी त्या तालुक्याच्या स्टेशनावरच उतरतात.

राहिला आमच्या मुंबईचा हिशेब. महिंद्र आणि महिंद्र कंपनीने १९४७ पासून ओहायोतील विलीस कंपनीच्या जीप गाड्या परवान्याने मुंबईत जोडण्यास सुरुवात केली, आणि पुढे त्या भारतातच बनविल्या. मूळ अमेरिकेत जीप हे नाव विलीसकडून कैसरकडे, कैसरकडून अमेरिकन मोटर्सकडे, तेथून १९८७ साली क्रायस्लरकडे आणि शेवटी आताच्या स्टेलांटिसकडे गेले. प्रत्येक मालकाबरोबर गाडी गुबगुबीत होत गेली. युद्धकाळातील ते सडपातळ, उघडे, पत्र्याचे वाहन आमच्याकडे मात्र वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहिले, आणि मामलेदारापासून ऊसवाल्यापर्यंत सर्वांना घेऊन घाट चढत राहिले. २०१८ साली महिंद्रांनी तेच रूप ‘रॉक्सॉर’ या नावाने, भारतातून भाग आणून, डेट्रॉईटजवळच्या ऑबर्न हिल्स येथे जोडून विकावयास काढले. रस्त्यावर नव्हे, शेतात आणि रानात चालविण्यासाठी. ऑबर्न हिल्स म्हणजे क्रायस्लरचे आंगण. जीपच्या मालकांनी फिर्याद केली. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२० च्या जूनमध्ये या गाडीच्या रूपाने जीपच्या हक्काचा भंग होतो असा फैसला देऊन विक्रीला मनाई केली. आणि नाकडोळे बदलून केलेल्या नव्या नमुन्याला मग त्याच वर्षअखेरीस मोकळीक मिळाली. न्याय कायद्याप्रमाणेच झाला असेल. पण ज्यांनी ते रूप स्वतःच टाकले त्यांनीच ते जपणाऱ्यांवर चोरीचा आळ घ्यावा, यात मला कलमझूच्या त्या दालनाची आठवण आली, आणि भाचा स्वतः मोटारधंद्यातला असल्यामुळे आमचा यावर रात्री जेवणाच्या टेबलावर चांगलाच वाद झाला. "मामा, रूप म्हणजेच नाव असते हो, ते कुणी फुकट देत नाही," असे तो म्हणे. आणि त्याची बायको, "दोघेही आधी आमटी घ्या," असे म्हणे.

रविवारी ती दोघे मला उत्तरेकडे रोमिओ गावाच्या बाजूला सफरचंदांच्या बागेत घेऊन गेली. या दिवसांत तेथे ताज्या सफरचंदांचा रस आणि गरम डोनट चाखण्यास सहकुटुंब जाण्याचा प्रघात आहे. रसाच्या गिरणीमागे, पेट्यांच्या राशीशेजारी, चिखलाने माखलेली, अगदी पहिल्या नमुन्याची, मनाईपूर्वीची रॉक्सॉर उभी! मी तिच्याकडे इतका रोखून पाहू लागलो की बागेचा मालक, सत्तरीचा उंचापुरा गृहस्थ, हात पुसत जवळ आला. मी मुंबईचा म्हटल्यावर त्याने विशेष आश्चर्य दाखविले नाही. कुलपासारखी कडी सोडून त्याने बोनेट वर केले, डिझेलचे इंजिन दाखविले, हे कधी दगा देत नाही असे सांगितले, आणि लगेच कामाचा प्रश्न विचारला: हिचे तेलाचे फिल्टर तुमच्याकडे स्वस्त मिळतात काय? मी म्हटले, कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर चौकशी करतो. त्याने सफरचंदांच्या पावतीच्या पाठीवर फिल्टरचा क्रमांक लिहून दिला, दोन डझन लागतील म्हणाला, आणि पैसे आगाऊ द्यावे काय, असेही विचारू लागला.